सुलट-उलट : ग्वाल्हेरच्या मराठी घरांतलं लोकरकाम



आपल्या या समूहात वाडे, गणेशोत्सव, गाण्याच्या बैठका, सरदार घराण्यांचे कागद यांवर पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते मी आवडीने वाचते. मध्यंतरी रुखवताच्या जुन्या फोटोंवर चर्चा चालली होती. त्यात क्रोशाचे रुमाल आणि लोकरीची शाल पाहून एका सद्गृहस्थांनी लिहिलं की, हा सगळा बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, त्याचा इतिहास तो काय असणार! त्यांच्याशी भांडायचं नाही. पण मी बँकेत चौतीस वर्षं काढली आहेत. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं धरून चालणारा हिशेब कसा फसवा असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. सावकाश वाचा.

आधी शब्दापासून सुरुवात करते. मराठीत मागावर कापड तयार करणं म्हणजेही ‘विणणं’ आणि दोन सुयांवर स्वेटर करणं म्हणजेही ‘विणणं’च. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या कला आहेत. मागावर उभे धागे आणि आडवे धागे असे दोन संच लागतात. सुयांवर एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच फासांतून ओवत पुढे जातो. म्हणून मागावरचं कापड ताणलं जात नाही, आणि सुयांवरचं ताणलं जातं, अंगाबरोबर हलतं, आणि एक धागा सुटला की उसवत जातं. क्रोशात तर सुईही एकच, टोकाला आकडी असलेली. काश्मिरी शाल, जिच्या शालजोड्या पेशवाईत मानाच्या म्हणून दिल्या जात, ती मागावरची. आमच्या आज्यांनी केलेली शाल सुयांवरची. दोन्हींना नाव एकच मिळालं, मान मात्र सारखा मिळाला नाही.

आपल्याकडे लोकर नव्हती असं नाही. दख्खनच्या धनगरांची घोंगडी होती, सोवळ्यातली धाबळी होती. पण दोन सुयांचं विणकाम आणि क्रोशा आपल्या घरांत आले ते एकोणिसाव्या शतकात, साहेबाच्या आणि मिशनच्या वाटेने. मिशनऱ्यांनी मुलींसाठी ज्या शाळा काढल्या त्यांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम हा विषय असे. क्रोशाची कहाणी तर अगदीच अलीकडची. त्याच्या छापील कृती युरोपात १८२३ च्या सुमारास एका डच मासिकात प्रथम आल्या असं मानतात. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं, भीषण दुष्काळ पडला, तेव्हा हजारो आयरिश बायकांनी क्रोशाच्या लेस विकून घरं जगवली. आपल्याकडे त्याच सुमाराला गोदावरीच्या मुखाजवळ, आंध्रातल्या नरसापूर भागात, स्कॉटिश मिशनऱ्यांनी बायकांना लेसकाम शिकवलं, आणि आजही तिथे ते चालतं. नरसापूरचं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे. आपल्या हैदराबादच्या मंडळींना ही लेस अनोळखी नसणार.

आता ग्वाल्हेर. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे छावणी टाकली आणि तिचंच पुढे ‘लष्कर’ हे शहर झालं. त्यांच्यामागून कारकून, शास्त्री, शिलेदार, हिशेबनीस अशी दक्षिणेतली माणसं आली. ती उपरणं आणि नऊवारी घेऊन आली आणि इथल्या थंडीत सापडली. पुण्या-साताऱ्याकडची हिवाळ्याची कल्पना इथे उपयोगी नाही. जानेवारीत इथे पारा कधीकधी दोन-तीन अंशांवर येतो, आणि धुकं पडलं की दिवस दिवस सूर्य दिसत नाही. रजई, कापूस भरलेली बंडी हे इथल्या लोकांकडून आपण घेतलं. लोकरीचं विणकाम आलं ते शाळेतून आणि शेजारणींकडून.

शब्दही तसेच मिसळले. पुण्याची मावशी ‘सुईवर टाके घाल’ म्हणे, आमच्याकडे ‘सलाईवर फंदे टाक’ म्हणत. सगळ्यात गंमत ‘ऊन’ या शब्दाची. हिंदीत ऊन म्हणजे लोकर, मराठीत ऊन म्हणजे ऊन. आमच्या गल्लीतल्या काकू दुपारी हाक मारत, “अगं, ऊन आहे तोवर ऊन घेऊन गच्चीवर ये.” परगावच्या नवीन सुनेला या वाक्याचा अर्थ लागायला एक हिवाळा जाई.

जेवणं आटोपली की गच्च्या भरत. कुणी मटार सोलतंय, कुणी पापड वाळवतंय, आणि बाकी सगळ्यांच्या हातात सुया. आम्हा मुलांकडे काम एकच, लोकरीची लडी दोन्ही हातांत ताणून धरून बसायचं आणि मोठ्या बायकांनी तिचा गुंडा करायचा. हात खाली आले की गुडघ्यावर टपली. लोकर यायची कानपूरच्या लाल इमलीची किंवा पंजाबातल्या धारीवालची. या दोन्ही गिरण्या १८७६ ते १८८० च्या दरम्यान निघाल्या, मुख्यतः फौजेला गरम कपडा पुरवायला. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा भरायचाही ऐन थंडीत. मेळ्यात मुलांचं लक्ष पाळण्याकडे, पुरुषांचं खाण्याकडे आणि बायकांचं लोकरीच्या दुकानांकडे. रंग बघायचा तो दुकानातल्या दिव्याखाली नाही, लडी बाहेर उजेडात आणून बघायचा, हा नियम.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या बायका नुसतं विणत नव्हत्या, त्या नमुने रचत होत्या. इंग्रजी पुस्तकांतले नमुने मडमेच्या अंगाचे. आपल्या बाईच्या डोक्यावर अंबाडा, अंगावर नऊवारी, खांद्यावर पदर. तिला पुस्तकातली टोपी बसणार कशी आणि पुढे बटणांचं कार्डिगन शोभणार कसं? तेव्हा बायकांनी आपल्या अंगाला बसेल असं काढलं.

माझी आत्या यात पटाईत. तिने आजीसाठी केलेली कानटोपी मला अजून आठवते. कपाळापासून मानेपर्यंत सगळं झाकायचं, पण मागे दोन सुलट दोन उलट विणीचं एक गोल मोकळं ठेवलेलं, त्यातून अंबाडा बाहेर. ती वीण रबरासारखी ताणते, त्यामुळे अंबाडा लहान असो की मोठा, टोपी घट्ट बसे. परवा माझ्या नातीने मोबाइलवर दाखवलं, परदेशात अशा टोप्या नवीन फॅशन म्हणून विकतात. मी म्हटलं, तुझ्या पणजीच्या आईच्या डोक्यावर ही साठ वर्षांपूर्वी होती.

दुसरी कुंची. कुंची कापडाची, खणाची, ही आपली जुनीच चीज. बाळाचं डोकं झाकून पाठीवर पसरणारी. ग्वाल्हेरच्या थंडीत तिचीच लोकरीची आवृत्ती झाली आणि बाळंतविड्यात झबलं, टोपडं, दुपटं, पायमोजे यांच्या जोडीला बसली. तिची रचना बघा. आधी डोक्यापुरती एक लांबट पट्टी विणायची, ती मधोमध दुमडून मागची कड शिवायची, की झाली टोपी. मग गळ्याच्या कडेवरून पुन्हा टाके उचलायचे आणि एका ओळीत ते दुप्पट करायचे, म्हणजे खाली घेर आपोआप झालरीसारखा पडतो. गळ्याशी जाळीच्या भोकांची एक ओळ, तिच्यातून नाडी. हल्ली गळ्यात आणि डोक्यावरून घ्यायचे जे गोल ‘काउल’ निघाले आहेत ते पाहिले की मला कुंचीची नात भेटल्यासारखं वाटतं. संक्रांतीला बोरन्हाणाची कुंची काळ्या लोकरीची, म्हणून डिसेंबरात काळी लोकर दुकानातून आधी संपे.

तिसरी त्रिकोणी शाल. पदरावर चौकोनी शाल घसरते. त्रिकोणी शालीची दोन टोकं पुढे खोचता येतात आणि तिसरं पाठीवर पडतं, हात कामाला मोकळे राहतात. ही शाल मानेच्या मध्यापासून सुरू करायची. पाच टाक्यांवर आरंभ, आणि दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढवायचे, दोन्ही कडांना एकेक आणि मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. शंभर ओळी झाल्या की सुईवर दोनशे पाच टाके. इथे नवशिकी हमखास फसते. पन्नास ओळी झाल्या म्हणजे निम्मी शाल झाली असं तिला वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा लोकर पावच लागलेली असते, कारण पुढची प्रत्येक ओळ मागच्यापेक्षा लांब. निम्मी लोकर संपते ती एकाहत्तराव्या ओळीच्या आसपास. बी.कॉम.ला गणित शिकल्यावर मी हे कागदावर मांडून पाहिलं. आत्या शाळेत सातवीपर्यंत गेलेली, तिने कागदावर काही मांडलं नव्हतं. ती लोकरीचे गुंडे आधी तराजूत तोलून दोन सारखे भाग करी आणि पहिला भाग संपला की कापडी चिंधीची खूण बांधी. उत्तर तेच.

चौथी गोष्ट रांगोळीची. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे आयता आलेख. मोर, कमळ, स्वस्तिक रांगोळीतून उचलून स्वेटरच्या छातीवर आणायचे. पण रांगोळीचे ठिपके चौकोनात असतात आणि विणीचा टाका रुंदीला जास्त, उंचीला कमी असतो. मध्यम लोकरीत चार इंच रुंदीत साधारण बावीस टाके बसतात, पण चार इंच उंचीला तीस ओळी लागतात. म्हणून रांगोळीतला मोर तसाच विणला तर तो बसकट होतो. आत्याचा तोडगा असा की चित्राच्या दर तीन ओळींमागे एक ओळ जादा घालायची. हिशेब करून पाहा, वीस ठिपक्यांच्या चित्राला सव्वीस-सत्तावीस ओळी लागतात आणि तिचा तोडगा तेवढ्याच देतो.

याला मी नुसता फावला वेळ म्हणायला तयार नाही. यात माप आहे, प्रमाण आहे, आणि कुणाच्या अंगावर काय बसेल याचा विचार आहे.

आता १९६२. मी तेव्हा दहा वर्षांची. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला आणि आपले जवान सुती कपड्यांत, कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात उभे आहेत हे घरोघर कळलं. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आमच्याकडेही तोंडोतोंडी झालं. देशभर बायकांनी सोनं दिलं आणि देशभर बायका विणायला बसल्या. आमच्या गल्लीत त्या महिन्यात घरची सगळी कामं बाजूला राहिली. सुयांवर फक्त खाकी आणि हिरवट रंग. मोजे, मफलर, पूर्ण बाह्यांचे स्वेटर आणि डोळ्यांपुरती फट ठेवून सगळं तोंड झाकणाऱ्या टोप्या. या टोपीला इंग्रजीत बॅलाक्लाव्हा म्हणतात. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली त्या गावाजवळ लढाई झाली, तिथलं हे नाव. त्याच युद्धातल्या दोन लॉर्डांची नावं रॅगलन बाहीला आणि कार्डिगनला मिळाली. विणकामात लढाई अशी नावानावांत शिरलेली आहे.

आत्याने त्या वेळी एक गोष्ट धरून ठेवली. हौसेने कुणी जाळीची वीण घातली, कुणी वेणीची. आत्या म्हणाली, “नक्षी नको. जाळीतून वारा शिरतो आणि वेणीला लोकर जास्त लागते. साधी घट्ट वीण घाला, म्हणजे तेवढ्याच लोकरीत आणखी एकाला मोजे होतील.” बायकांना ते आधी रुचलं नाही, आपल्या हातची खूण जवानापर्यंत जावी असं प्रत्येकीला वाटत होतं. शेवटी तिचं ऐकलं. मला वाटतं, नमुना रचणं म्हणजे काय हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काय घालायचं याच्याइतकंच काय घालायचं नाही हेही ठरवावं लागतं. बेळगावच्या मंडळींच्या घरी मराठा लाइट इन्फंट्रीमुळे या दिवसांच्या आठवणी नक्की असतील, त्या लिहाव्यात.

आता पैशाची बाजू, जी सहसा कुणी सांगत नाही. आत्या अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि दोन मुलं घेऊन आमच्याकडे, म्हणजे तिच्या भावाकडे आली. बाबांनी कधी काही कमी केलं नाही, पण तिला मुलांच्या फीसाठी हात पसरायचा नव्हता. ती लोकांचे स्वेटर विणू लागली. लोकर गिऱ्हाइकाची, मजुरी तिची. तिची लाल बांधणीची चोपडी माझ्याकडे आहे. एका बाजूला नमुने, उलट्या बाजूने उघडली की हिशेब. १९५७ पर्यंत आणे-पै, मग नये पैसे. आधी औंस, मग हळूहळू ग्रॅम. देशात नाणी आणि मापं बदलली ती तारखेसकट तिच्या चोपडीत दिसतात.

१९६३-६४ च्या हिवाळ्याचं पान घ्या. पूर्ण स्वेटर १९, सरासरी मजुरी साडेसहा रुपये. टोप्या १४, एकेक रुपया. कुंच्या ६, अडीच रुपयांप्रमाणे. शाली ३, सहा रुपयांप्रमाणे. बेरीज १७० रुपये ५० पैसे. एका पूर्ण स्वेटरला तिला सुमारे पन्नास तास लागत. म्हणजे तासाला तेरा पैसे. ही बेरीज मी बँकेत लागल्यावर केली आणि बराच वेळ ती वही मिटवून बसले. पण याच तेरा पैशांवर माझा एक आतेभाऊ इंजिनिअर झाला आणि आतेबहीण शिक्षिका झाली.

चोपडीत आणखी एक नोंद वारंवार येते, ‘नमुन्याचे ०.५०’. म्हणजे गिऱ्हाइकाने पुस्तकातला नमुना आणला तर मजुरी एक, आणि आत्याने स्वतः रचला तर आठ आणे जास्त. काही बायका कुरकुर करत, नमुन्याचे कसले पैसे, तो तर डोक्यात असतो. आत्या हसून म्हणे, “डोक्यातला आहे म्हणूनच पैसे.” आणि घेई.

१९७४ च्या सुमाराला तिने एका बँकेत खातं उघडलं. ती माझी शाखा नव्हे, माझी बँकही नव्हे. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला न विचारता ‘गृहिणी’ लिहिलं. ती म्हणाली, “मी विणकाम करते, सतरा वर्षं झाली.” ते म्हणाले, “माताजी, वो तो सब औरतें करती हैं।” पुढे तिने विणकामाच्या मशीनसाठी लहानसं कर्ज मागितलं. व्यवसायच कागदावर नाही, तर कर्ज कशासाठी, असं उत्तर मिळालं. तिची चोपडी तिच्या पिशवीत होती, ती कुणी पाहायला मागितली नाही. मशीन आलं नाही. ती हातानेच विणत राहिली, सांध्यांनी जवाब देईपर्यंत.

आता नरसापूरकडे येते. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंचं तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवरचं पुस्तक १९८२ साली निघालं. त्यांनी दाखवलं की या हजारो बायकांची लेस जगाच्या बाजारात जाते, व्यापारी त्यावर मोठे होतात, पण बायकांना सगळेजण ‘घरी बसणाऱ्या’च समजतात आणि काम म्हणजे फावल्या वेळची करमणूक धरतात. म्हणूनच मजुरी इतकी कमी देता येते. मी ते वाचलं निवृत्तीनंतर. वाचताना मला नरसापूर दिसलंच नाही, आत्याची चोपडी दिसली. आपल्या जनगणनेतही घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांत मोजतात. आत्यासारखी मजुरीवर विणणारी बाई खरं तर गृहउद्योगात मोजायला हवी, पण दारात आलेला मोजणीदार घरच्या पुरुषाला विचारणार आणि तो सांगणार, “ती घरीच असते.”

माझ्या स्वतःच्या पिढीविषयीही थोडं लिहिते. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा वाढल्या आणि आम्ही मुली परीक्षा देऊन नोकरीला लागलो. मी १९७३ ला लागले. सरकारी कचेऱ्यांत, बँकांत बायका नुसत्या स्वेटर विणत बसतात, हा विनोद तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल, काहींनी केलाही असेल. आम्ही विणायचो, जेवणाच्या सुट्टीत, मागच्या अंगणातल्या उन्हात. त्याच अर्ध्या तासात पुरुष मंडळी ठेल्यावर चहा पीत आणि राजकारण बोलत, त्यावर विनोद झाला नाही. ग्वाल्हेर, मुरैना, भिंड, जिथे बदली झाली तिथे पहिली ओळख विणीवरूनच झाली. पंजाबी, सिंधी, माथुर, मराठी, सगळ्या बायका एकमेकींच्या पाठीवर बोट ठेवून टाके मोजत. हिंदी मासिकांचे बुनाई विशेषांक हिवाळ्याआधी येत, ते हातोहात फिरत फाटून जात. त्यातला नमुना जसाच्या तसा करणारी मात्र मला क्वचितच भेटली. प्रत्येक जण म्हणे, “गळा तेवढा मी बदलला.”

उतरण लागली ती त्याच काळात. अ‍ॅक्रिलिक आली. आधी जपानी कॅशमिलॉनचं नाव, आणि मग बडोद्याच्या आयपीसीएलने इथेच धागा काढायला सुरुवात केली. बडोद्याचे आपले कितीतरी मराठी लोक तिथे नोकरीला होते. धागा स्वस्त झाला, रंग भडक आणि पक्के झाले, कसर लागेना. बायकांनी तो आनंदाने घेतला, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण लोकरीचा जुना स्वेटर उसवून, लडी धुऊन, वजन लावून वाळवून पुन्हा नवा विणायची जी पद्धत होती, ती त्याबरोबर मागे पडली. तिबेटी निर्वासित १९५९ नंतर आले, आणि पुढे दर हिवाळ्यात त्यांचे स्वेटरचे बाजार शहरोशहरी लागू लागले. लुधियानाचा तयार माल इतका स्वस्त मिळू लागला की नुसत्या लोकरीच्या किमतीत स्वेटर येई. मग मजुरी देऊन कोण विणून घेणार? आत्याच्या चोपडीत १९८१ नंतर हिशेबाची पानं कोरी आहेत. नमुन्यांची पानं मात्र पुढेही भरत गेली आहेत, शेवटपर्यंत.

आज तरुण मुली पुन्हा विणू लागल्या आहेत. पूर्ण स्वेटर कमी. शाल, गोल गळपट्टा, टोपी, हातमोजे, क्रोशाच्या पिशव्या जास्त. स्वतः रचलेल्या नमुन्याची कृती त्या पैसे घेऊन विकतात आणि विकत घेणारे घेतात. आत्याचे आठ आणे शेवटी वसूल झाले म्हणायचे.

आता विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा वह्या असतील. त्यात ‘४ सु. २ उ. १ जा. २ ए.’ असली अक्षरं असतात आणि ती काय आहेत हे न कळल्याने रद्दीत जातात. त्याचा अर्थ चार सुलट, दोन उलट, एक जाळी, दोन एकत्र. क्रोशाच्या वहीत ‘सा.’ म्हणजे साखळी, ‘खां.’ म्हणजे खांब, ‘मु. खां.’ म्हणजे मुका खांब. रद्दीवाल्याला देण्याआधी पानांचे फोटो काढा. जुनी शाल, कुंची, रुखवतातला मणी लावलेला रुमाल असेल तर फोटोखाली कुणी केला, कुठल्या गावी, साधारण कोणत्या साली, एवढं लिहा. ‘आईच्या हातचं’ एवढंच लिहू नका, आईचं नाव लिहा. पैसे घेऊन विणत असेल तर तेही लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

हिवाळा तोंडावर आहे, म्हणून चोपडीतला एक सोपा नमुना देऊन थांबते. आत्याने त्याला ‘बिनगाठीचा मफलर’ म्हटलंय. मध्यम लोकर, शंभर ग्रॅमच्या आत भागते. चार इंचांत बावीस टाके येतील अशी सुई घ्या. गोल सुईवर १३२ टाके घाला, म्हणजे घेर चोवीस इंच होतो आणि डोक्यातून सहज उतरतो. जोडताना फासा पिळला गेला नाही हे पाहा. दोन सुलट, दोन उलट असं गोल गोल आठ इंच विणा. १३२ ला चाराने भाग जातो, त्यामुळे वीण बरोबर जुळते. टाके बंद करताना हात सैल ठेवा, नाहीतर डोक्यातून जाणार नाही. साध्या सरळ सुया असतील तर १३४ टाके घ्या, कडेचे दोन शिवणीत जातात.

पुढे आत्याने कंसात लिहिलंय, ‘म्हाताऱ्या माणसांना गाठ मारता येत नाही, त्यांच्यासाठी.’ खाली तारीख आहे आणि ‘नमुना स्वतःचा’ असा शेरा.